जिवंत पेशींतील पालक

कांद्याचा पापुद्रा सूक्ष्मदर्शक यंत्राखालीं ठेवला म्हणजे पेशीची भिंत दिसते, आणि थोडा रंग घातला कीं केंद्रही दिसतें. परंतु त्या केंद्रांतून अहोरात्र जे निरोप बाहेर पडत असतात, ते मात्र कितीही वेळ डोळा लावून बसलें तरी दिसत नाहींत. हे निरोप दृश्यमान करण्याची एक युक्ति शास्त्रज्ञांनीं शोधून काढली आहे. तिची हकीकत थोडक्यांत सांगावी, हा या लेखाचा हेतु.

डी. एन. ए. ही केंद्रांत जपून ठेवलेली मूळ पोथी मानली, तर तिच्यांतील एखाद्या पानाची जी नक्कल उतरून घेतात, ती आर. एन. ए. होय. तिच्या आधारें प्रथिनें तयार होतात, कांहीं आर. एन. ए. याहून निराळींही कामें करतात. कोणती नक्कल केव्हां निघाली व कोठें गेली, यावर पेशीचें आरोग्य अवलंबून असतें. पूर्वी हें पाहण्यासाठीं पेशी मारून रंगवीत असत. परंतु बंद पडलेल्या घड्याळाच्या कांट्यांवरून त्याची चाल कशी कळणार?

प्रथिनांपुरती ही अडचण एका जेलीफिशनें दूर केली. तिच्यांतील हिरवें चमकणारें प्रथिन ओसामु शिमोमुरा व त्यांचे सहकारी यांनीं 1962 सालीं वेगळें काढलें. पुढें तें इतर प्रथिनांस जोडून त्यांचा माग काढतां येऊं लागला. या कार्याबद्दल शिमोमुरा, मार्टिन चॅल्फी व रॉजर त्सिएन यांस 2008 चें रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें. आर. एन. ए. ला मात्र असा निसर्गदत्त दिवा लाभलेला नव्हता.

त्या हिरव्या प्रथिनांत प्रकाश देणारा भाग अगदीं लहान असतो. तो प्रथिनाबाहेर काढला तर चमकत नाहीं. याचें कारण मनोरंजक आहे. प्रकाश शोषून घेतल्यावर तो मोकळा रेणु पिळवटूं लागतो, आणि हातपाय झाडणाऱ्या मुलाप्रमाणें मिळालेली सारी शक्ति हालचालींतच घालवितो. प्रथिनाच्या कोंदणांत तो घट्ट बसला म्हणजे हालचाल थांबते, व तीच शक्ति प्रकाशरूपानें बाहेर पडते. मग असें कोंदण आर. एन. ए. चेंच केलें तर? न्यूयॉर्क येथील कॉर्नेल विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयांत सॅमी जॅफ्री व त्यांच्या सहकाऱ्यांनीं हाच प्रश्न हातीं घेतला.

असें कोंदण कोणी घडवीत नाहीं. तें निवडून काढतात. ही निवडीची रीत 1990 सालीं अमेरिकेंतील दोन गटांनीं स्वतंत्रपणें प्रसिद्ध केली. अक्षरांचा क्रम निरनिराळा असलेले असंख्य आर. एन. ए. धागे घ्यावयाचे, ज्या पदार्थास ते चिकटावेत असें वाटतें, त्याशीं त्यांची गांठ घालावयाची, न चिकटलेले धुऊन टाकावयाचे, उरलेल्यांच्या नकला वाढवून पुन्हा तीच परीक्षा घ्यावयाची. धान्य पाखडतांना फोल जाऊन दाणे उरतात, तसाच हा प्रकार. शेवटीं उरलेल्या धाग्यास ‘ॲप्टामर’ म्हणतात. लॅटिन भाषेंत ‘आप्टुस’ म्हणजे चपखल बसलेला.

जॅफ्री यांच्या गटानें 2011 सालीं असा एक धागा जाहीर केला. एरवीं न चमकणारा एक रंग त्याच्या मिठींत सांपडला कीं निळ्या प्रकाशांत हिरवा चमकतो. म्हणून त्याचें नांव ‘स्पिनच’, म्हणजे पालक, असें ठेविलें. हव्या त्या आर. एन. ए. ला ही शेपटी जोडली, कीं तो कोठें आहे हें जिवंत पेशींत पाहतां येतें.

परंतु हा पालक पेशींत अपेक्षेपेक्षां मंद ठरला. उष्णतेनें त्याची घडी मोडे, किंवा ती चुकीची पडे. ही उणीव दूर करून 2013 सालीं ‘स्पिनच 2’ तयार झाला आणि त्याच्या साह्यानें एका आजाराकडे पाहण्यांत आलें. हा आजार बहुधा उतारवयांत येतो; हात कांपूं लागतात, चालतांना तोल जातो. त्यांत एका जनुकांतील ‘सी-जी-जी’ ही तीन अक्षरें वाजवीपेक्षां फार वेळां आलेलीं असतात, आणि त्यांच्या आर. एन. ए. नकला केंद्रांत पुंजक्यांनीं साचतात. हे पुंजके जिवंत पेशींत पाहिले असतां, पेशीविभाजनाच्या चक्राबरोबर व कांहीं रसायनांच्या योगानें त्यांचा आकार बदलतो असें आढळलें. यानें औषध सांपडलें असें नव्हे. परंतु शत्रूच्या हालचाली दिसूं लागणें हेंही थोडें नव्हे.

पुढें 2014 सालीं ‘ब्रॉकोली’ व ‘मँगो’, आणि 2019 सालीं चीनमधील शास्त्रज्ञांचा अनेक रंगांचा ‘पेपर’, म्हणजे मिरची, अशी भाजीबाजाराची भर पडली. तरी अडचणी संपल्या नाहींत. प्रकाशाखालीं रंग विटतो. जोडलेल्या शेपटीमुळें मूळ धाग्याची घडी बिघडण्याचें भय असतें. आणि नकला थोड्या असल्या तर उजेड अंधुक पडतो.

ब्रॉकोलीची निवड करतांना शेवटची चाचणी परीक्षानळींत न घेतां जिवंत जंतूंच्या पेशींतच घेतली गेली, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. ज्याला जेथें काम करावयाचें, त्याची पारख तेथेंच व्हावी, हा नियम प्रयोगशाळेंत जितका खरा, तितकाच बाहेरही खरा आहे.