हत्तीरोगाची गोळी आणि तिचे आनुषंगिक लाभ

हत्तीरोग निर्मूलनाच्या मोहिमेत आरोग्यसेवक दारी येतात, तेव्हा "आम्हाला काहीच झालेले नाही, मग औषध कशासाठी?" असा प्रश्न हमखास विचारला जातो. प्रश्न स्वाभाविक आहे. म्हणूनच त्याचे उत्तर समजून घेतले पाहिजे.

हत्तीरोगाचे कृमी क्युलेक्स डासांमार्फत शरीरात शिरतात. पाय सुजण्यापूर्वी अनेक वर्षे माणूस निरोगी दिसतो. परंतु त्याच्या रक्तातील सूक्ष्म अळ्या डासांवाटे शेजाऱ्यांपर्यंत पोहोचत असतात. म्हणून औषध सर्वांनीच घ्यावयाचे असते. नागपूर जिल्ह्यात २०१९ मध्ये डीईसी व अल्बेंडाझोल यांच्या जोडीला आयव्हरमेक्टिनही देण्यास प्रारंभ झाला.

या औषधांचा उपकार हत्तीरोगापुरता मर्यादित नाही. अल्बेंडाझोलमुळे पोटातील जंत व रक्त शोषणारे अंकुशकृमी मरतात. शाळेत जंतनाशक दिनी मुलांना हीच गोळी मिळते. मोहिमेत ती आईवडिलांनाही मिळते. आयव्हरमेक्टिन खरजेच्या किड्यांवर व उवांवरही गुणकारी आहे. झांझिबारमध्ये हत्तीरोगासाठी अल्बेंडाझोल व आयव्हरमेक्टिन सर्वांना दिल्यानंतर आरोग्य केंद्रांत येणारे खरजेचे रुग्ण लक्षणीय घटले. पुढे फिजी बेटांवर याची मुद्दाम परीक्षा झाली. जेथे सर्वांना आयव्हरमेक्टिन दिले, तेथे खरजेचे प्रमाण वर्षभरात सुमारे ३२ टक्क्यांवरून २ टक्क्यांवर आले. जेथे केवळ रुग्ण व त्यांच्या निकटवर्तीयांवर नेहमीचे उपचार झाले, तेथे ते ३७ वरून १९ टक्क्यांपर्यंतच उतरले.

वसतिगृहात राहणाऱ्यांना या आकड्यांचा अर्थ वेगळा सांगावयास नको. एकाची खरूज पाहता पाहता संपूर्ण खोलीची होते. खाजवून झालेल्या जखमा चिघळल्यास त्यातील जंतूंमुळे मूत्रपिंडालाही इजा पोहोचू शकते.

अर्थात, या औषधांना मर्यादा आहेत. दोन वर्षांखालील बालके, गर्भवती आणि गंभीर आजारी व्यक्ती यांना ती देत नाहीत. आयव्हरमेक्टिन तर पाच वर्षांखालील मुलांनाही देत नाहीत. गोळ्या जेवणानंतर, आरोग्यसेवकासमक्ष घ्याव्यात. कृमी मरताना काहींना सौम्य ताप वा डोकेदुखी होते. शिवाय मोहीम थांबली आणि शौचालय, स्वच्छ पाणी व सांडपाण्याची व्यवस्था नसली, तर जंत पुन्हा परततात.

अतिसाराने व्याकूळ, एकाकी पडलेल्या भिक्खूला भगवान बुद्धांनी आनंदासह स्वतः स्नान घातले आणि संघाला परस्परांच्या शुश्रूषेची जबाबदारी दिली. स्वतःला रोग दिसत नसतानाही शेजाऱ्यासाठी गोळी घेणे, हा त्याच जबाबदारीचा आजचा एक साधा भाग आहे.