व्होल्ट, अँपिअर आणि घराची सुरक्षितता

विजेचे गणित केवळ परीक्षेपुरते नसते. घर आगीपासून वाचविण्यासही ते उपयोगी पडते. जर्मन शास्त्रज्ञ जॉर्ज ओहम यांनी १८२७ साली आपला नियम ग्रंथरूपाने मांडला. तापमान स्थिर असल्यास वाहकातील विद्युतधारा ही विभवांतराच्या समप्रमाणात असते, असा तो नियम. पुढील दोन सूत्रे पाठ करावीत.

रोध (ओहम) = व्होल्ट ÷ अँपिअर
शक्ती (वॅट) = व्होल्ट × अँपिअर

उदाहरण : २३० व्होल्टवर एक इस्त्री ४ अँपिअर धारा घेते.
तापलेल्या तारेचा रोध = २३० ÷ ४ = ५७.५ ओहम.
शक्ती = २३० × ४ = ९२० वॅट.
१००० वॅट एक तास म्हणजे एक युनिट. म्हणून इस्त्री सलग तासभर तापत राहिल्यास ०.९२ युनिट वीज खर्च होईल.

आता त्याच सॉकेटवर मल्टीप्लग लावून पाणी तापविण्याचा १००० वॅटचा रॉडही जोडला, तर? १००० ÷ २३० = सुमारे ४.३ अँपिअर. एकूण धारा ८.३ अँपिअर झाली. सॉकेट मात्र ६ अँपिअरचे! धारा दुप्पट झाली की वायरमधील उष्णता चौपट होते. वायरचे आवरण वितळते, ठिणगी पडते.

फ्यूज वारंवार जातो म्हणून त्यात जाड तार घालणे म्हणजे राखणदारालाच झोपविणे होय. तेव्हा आज घरी प्रत्येक उपकरणावरील वॅट वाचा, २३० ने भागा आणि एका सॉकेटवरील बेरीज आईवडिलांना दाखवा.