लावलेले झाड आणि जगलेले झाड

शास्त्रभाग : उत्पत्ति २:१५, उत्पत्ति २१:३३, लेवीय १९:२३-२५, अनुवाद २०:१९

पाठाचा हेतू : वृक्षारोपण हा एका दिवसाचा समारंभ नसून काही वर्षांची राखण आहे, हे वर्गाच्या ध्यानी यावे.

प्रवेश

माळव्याची जुनी ख्याती अशी, की तेथे पावलागणिक पाणी लागते. अठराव्या शतकात पवार घराण्याबरोबर अनेक मराठी कुटुंबे धार व देवास येथे जाऊन वसली, ती याच काळ्याभोर जमिनीवर. परंतु त्याच देवास शहराला १९९० साली पिण्याचे पाणी रेल्वेच्या वाघिणींतून आणावे लागले. काली सिंध नदी ज्या जिल्ह्यात उगम पावते, त्या जिल्ह्याच्या मुख्य ठिकाणी लोक पाण्याच्या गाडीची वाट पाहत उभे राहिले. असे का झाले, हा आजच्या पाठाचा पहिला प्रश्न आहे.

पाणी कोठे गेले?

पाऊस नाहीसा झाला नव्हता. या भागात वर्षाला साधारण ८०० ते १००० मिलिमीटर पाऊस पडतो. पण तो बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत उरकतो. माळव्याच्या काळ्या मातीखाली मुरूम आणि त्याखाली काळा खडक आहे. पाणी मुरते ते त्या खडकाच्या फटींतून, सावकाश. टेकडी उघडी असेल तर पावसाचे थेंब मातीवर आपटतात, माती गढूळ होऊन वाहू लागते आणि पाणी थांबतच नाही.

झाड येथे तीन कामे करते. त्याचा पर्णभार थेंबाचा मारा झेलतो. खाली पडलेला पालापाचोळा पाण्याला थोपवून धरतो. मुळे मातीला बांधून ठेवतात व पाण्याला खाली जाण्यास वाट देतात. टेकड्यांवरची झाडे गेली आणि दुसरीकडे रब्बीच्या पिकासाठी कूपनलिका खोल खोल जाऊ लागल्या. जमा थांबली आणि खर्च वाढला. अशा घराचे काय होते, हे सांगावयास नको.

देवासने काय केले?

२००६ पासून देवास जिल्ह्यात शेततळ्यांची मोहीम सुरू झाली. त्या वेळचे जिल्हाधिकारी उमाकांत उमराव यांनी शेतकऱ्यांना स्वतःच्या जमिनीचा काही भाग तळ्यासाठी सोडण्यास प्रवृत्त केले. या तळ्यांना नर्मदेच्या नावावरून ‘रेवासागर’ म्हणू लागले. काही वर्षांत हजारो तळी झाली. ज्या जमिनीवर पीक घेता आले असते ती पाण्यासाठी सोडणे, हा शेतकऱ्याला सोपा निर्णय नव्हता. येथे लक्षात घ्यावे, की झाड व पाणी एकमेकांच्या आधाराने उभे राहतात. जेथे पाणी अडते तेथे रोप जगते. आणि जेथे झाड जगते तेथे तळे गाळाने लवकर भरत नाही.

धारच्या शेजारच्या झाबुआ जिल्ह्यात भिल्ल समाजाची ‘हलमा’ नावाची रीत आहे. एखाद्याचे काम त्याच्या एकट्याच्याने होईना, तर तो हाक देतो आणि लोक मजुरी न घेता येऊन ते पुरे करतात. याच रीतीने हजारो माणसांनी कुदळी-फावडी घेऊन झाबुआजवळच्या हाथीपावा टेकडीवर उतारावर आडवे चर खणले. अगोदर चर, मग झाड, हा क्रम ध्यानात ठेवण्याजोगा आहे.

मोजणी कशाची?

२ जुलै २०१७ रोजी मध्य प्रदेशात नर्मदेच्या खोऱ्यातील २४ जिल्ह्यांत एकाच दिवशी सहा कोटींहून अधिक रोपे लावल्याचे शासनाने जाहीर केले. धार व देवास हे दोन्ही जिल्हे नर्मदेकाठचे आहेत. पुढे यांतील किती रोपे खरोखर लावली गेली व किती जगली, याविषयी मोठा वाद झाला. त्या वादाचा निवाडा करणे हे आपले काम नाही. पण आपल्या मंडळीच्या आवारात आपण तरी काय मोजतो? पाच जूनला पर्यावरण दिन म्हणून रोप लावावे, छायाचित्र घ्यावे, आणि पुढच्या मे महिन्यात तेथे वाळकी काटकी व शेळीच्या खुणा उरलेल्या असाव्यात, हे दृश्य कोणाच्या ओळखीचे नाही?

लेवीय पुस्तकात इस्राएल लोकांना आज्ञा आहे, की लावलेल्या फळझाडाचे फळ पहिली तीन वर्षे खाऊ नये, चौथ्या वर्षाचे परमेश्वराला द्यावे आणि पाचव्या वर्षी स्वतः खावे. ज्याला पाचव्या वर्षाचे फळ हवे, त्याला चार वर्षे झाड सांभाळणे भागच होते. उत्पत्तीतही मनुष्याला बागेत ठेवले ते मशागतीसाठी आणि राखणीसाठी. आपण मशागतीचा शब्द लक्षात ठेवला आणि राखणीचा विसरलो.

कोठे लावू नये?

धार जिल्ह्यात सरदारपूर येथे खरमोर या दुर्मिळ पक्ष्यासाठी १९८३ मध्ये अभयारण्य झाले. हा पक्षी पावसाळ्यात गवताळ माळावर येतो व गवतातच अंडी घालतो. अशा माळावर दाट झाडी लावली तर पुण्य म्हणून केलेले काम त्या पक्ष्याचे घर मोडील. म्हणून मोकळी दिसणारी प्रत्येक जागा ओसाड समजू नये.

कसे लावावे?

१. मे महिन्यात दोन फूट लांब, रुंद व खोल खड्डा घेऊन उन्हात तापू द्यावा.
२. शेणखत, माती व तळ्यातील गाळ मिसळून खड्डा भरावा.
३. पाच जूनची घाई करू नये. चांगला पाऊस होऊन जमीन भिजल्यावर रोप लावावे आणि प्लॅस्टिकची पिशवी काढून मगच लावावे.
४. कडुलिंब, करंज, चिंच, आवळा, जांभूळ, सीताफळ, मोह अशी तेथल्या मातीला मानवणारी झाडे निवडावीत.
५. त्याच दिवशी काटेरी कुंपण घालावे. बुंध्याशी पालापाचोळा पसरावा. निदान दोन उन्हाळे पाणी द्यावे. शेजारी मडके पुरून ते भरत राहिल्यास थोड्या पाण्यात भागते.

समारोप

मांडवगडावर गोरखचिंचेचे प्रचंड वृक्ष आहेत. हे झाड मूळचे आफ्रिकेचे. ज्यांनी प्रथम ते तेथे रुजवले त्यांची नावे आज कोणी सांगत नाही. सावली मात्र वाटसरूला मिळते. अब्राहामानेही बैर-शेबा येथे झाड लावले, तेव्हा तो त्या देशात उपराच होता आणि वयाने वृद्ध होता. आपण दहाच रोपे लावू, पण ती दहाही जगवू, असा निश्चय या पावसाळ्यापूर्वी करता येईल काय?

वर्गात चर्चेसाठी

१. आपल्या आवारात गेल्या पाच वर्षांत किती रोपे लावली? त्यांतील किती आज उभी आहेत? मुलांना प्रत्यक्ष मोजण्यास पाठवा.
२. वेढा घातलेल्या शहराचीही फळझाडे तोडू नयेत, असे अनुवादात का सांगितले असावे?
३. प्रत्येक रोपाला दोन मुलांची जोडी नेमून द्या. सुट्टीत पाणी कोण घालील, हे आजच ठरवा.