दूरच्या ग्राहकास माल विकताना उद्भवणारे वाद व त्यांचे निवारण

शेतमालाची विक्री ही शेतीच्या धंद्यातील शेवटची पायरी असली, तरी वर्षभराच्या श्रमांचे मोल तिच्यावरच ठरते. आठवडी बाजारात घेणारा समोर उभा असतो. तो धान्य मुठीत घेऊन पाहतो, गूळ चाखतो, आंबा हुंगतो आणि मगच सौदा पक्का करतो. आता यासोबतच विक्रीची दुसरी रीतही रूढ झाली आहे. देवगडच्या बागेतील आंब्याची पेटी मुंबईचा ग्राहक मोबाईलवरील छायाचित्र पाहून मागवितो, सांगलीची हळद पार्सलने नागपुरास जाते आणि वापरलेल्या कडबाकुट्टीची जाहिरात वाचून परजिल्ह्यातील शेतकरी ती विकत घेतो. या रीतीने मधला खर्च वाचतो व चार पैसे अधिक मिळतात. परंतु तिच्याबरोबर ग्राहकांच्या तक्रारीही येतात. त्या कशा टाळाव्यात व आल्यास कशा मिटवाव्यात, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

वाद का उत्पन्न होतात?

बाजारात माल स्वतःच आपली साक्ष देतो. दूरच्या विक्रीत ही साक्ष विकणाऱ्याच्या शब्दांना द्यावी लागते. ग्राहकाने माल पाहिलेला नसतो. त्याने वाचलेले असते ते वर्णन. पेटी उघडल्यावर तो हातातील फळाची तुलना त्या वर्णनाशी करतो. दोहोंत अंतर पडले की तक्रार उभी राहते. मग ते अंतर लबाडीने पडलेले असो, वाहतुकीत पडलेले असो, किंवा ग्राहकाच्या गैरसमजाने पडलेले असो. म्हणून वाद मिटविण्याचे निम्मे काम विक्रीपूर्वीच करावयाचे असते.

वर्णन हाच नमुना

वस्तुविक्री अधिनियम, १९३० याच्या कलम १५ प्रमाणे वर्णनावरून विकलेला माल त्या वर्णनाशी जुळला पाहिजे, ही विक्रीतील गर्भित अट होय. ती कोणी लिहिली नाही तरी लागू असते. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ हा कायदा जुलै २०२० पासून अमलात आला. सदोष माल परत घेण्यास व पैसे परत देण्यास नकार देणे ही त्यानुसार अनुचित व्यापारी प्रथा ठरते. यासाठी बिलात किंवा पावतीत लिहिलेली मुदत धरली जाते. मुदत लिहिलेली नसल्यास तीस दिवस धरले जातात. पाच-सहा दिवसांत पिकणाऱ्या फळाला तीस दिवसांची मुदत कशी परवडावी? म्हणून बिल देणे आणि त्यावर तक्रारीची वाजवी मुदत स्पष्ट लिहिणे हे शेतकऱ्याच्याच हिताचे आहे.

हापूस आंब्याचे उदाहरण घेऊ. चौदा आणे तयार झालेले फळ झाडावरून काढून कच्चेच पाठविले जाते व ते ग्राहकाच्या घरी पिकते. ही गोष्ट बागायतदारास इतकी परिचयाची असते की ती सांगण्याचे त्याला सुचत नाही. शहरातील ग्राहक मात्र हिरवे फळ पाहून, ‘मला कच्चा माल दिला,’ असे म्हणतो. काही जण पेटी तशीच शीतकपाटात ठेवतात व फळ नीट पिकले नाही म्हणून रागावतात. येथे लबाडी कोणाचीच नसते. उणीव असते ती एका वाक्याची.

दुसरी बाब साक्याची. साका बाहेरून दिसत नाही. फळ कापल्यावरच कळतो. योग्य पक्वतेस काढणी करणे, फळे उन्हात व तापलेल्या जमिनीवर न ठेवणे या उपायांनी त्याचे प्रमाण कमी राहते. तथापि एकही फळ साक्याचे निघणार नाही अशी हमी कोणताही जाणता बागायतदार देणार नाही. अशा वेळी जाहिरातीत ‘शंभर टक्के निर्दोष’ असे लिहिणे म्हणजे स्वतःच वादाला आमंत्रण देणे होय. त्याऐवजी पुढीलप्रमाणे मजकूर द्यावा :

‘देवगड हापूस, स्वतःच्या बागेतील. पेटीत ४ डझन फळे, प्रत्येक फळ सुमारे २२५ ते २५० ग्रॅम. फळे कच्ची पाठविली जातात. पेंढ्यात, घरातील साध्या तापमानात ठेवावीत. ६ ते ८ दिवसांत पिकतील. पिकण्यापूर्वी शीतकपाटात ठेवू नयेत. पेटी मिळताच फळे मोजावीत. फुटलेल्या वा कमी फळांची तक्रार २४ तासांत, साक्याची तक्रार पेटी मिळाल्यापासून १० दिवसांत छायाचित्रासह कळवावी. तेवढ्या फळांचे पैसे परत दिले जातील.’

यात बढाई नाही आणि लपवाछपवीही नाही. हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले असून ते रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे व पालघर या जिल्ह्यांपुरते आहे. दुसरीकडील फळ आणून ते ‘कोकणचा हापूस’ म्हणून विकणे हा केवळ ग्राहकाचा विश्वासघात नव्हे; तो शेजारच्या खऱ्या बागायतदारावरही अन्याय आहे.

माल पाठविण्यापूर्वी करावयाच्या नोंदी

वादाच्या वेळी आठवण उपयोगी पडत नाही, नोंद पडते. यासाठी एक वही राखावी व पुढील गोष्टी न चुकता कराव्यात.

(१) पेटी वा पोते बंद करण्यापूर्वी मालाचे छायाचित्र घ्यावे. वजनकाट्यावरील आकडा त्यात दिसावा. मौल्यवान माल असल्यास बांधणीचे चलचित्र घ्यावे.
(२) वहीत तारीख, ग्राहकाचे नाव व पत्ता, मालाचे वर्णन, नग, निव्वळ वजन, किंमत आणि वाहतुकीच्या पावतीचा क्रमांक लिहावा.
(३) कांदा, आंबा असा ओलावा असलेला माल वाटेत वजनात थोडा घटतो. म्हणून ‘पाठविताना वजन’ असे स्पष्ट लिहावे.
(४) वाहतुकीच्या खर्चाचा व नुकसानीचा भार कोणावर, हे आधीच ठरवावे. १९३० च्या अधिनियमात माल वाहतूकदाराच्या हवाली करणे म्हणजे सकृद्दर्शनी ग्राहकास पोहोचविणे, असे मानले आहे. परंतु विकणाऱ्याने वाहतुकीची व्यवस्था मालाच्या जातीस साजेशी केली पाहिजे, असेही त्यात सांगितले आहे. नाजूक फळे तकलादू पेटीतून धाडून ‘माझी जबाबदारी संपली’ असे म्हणता येत नाही.

तक्रार आल्यावर

ग्राहकाचा पहिला संदेश बहुधा रागाचा असतो. त्याला रागाने उत्तर देऊ नये आणि उत्तर देण्याचे टाळूही नये. पुढील क्रम पाळावा.

प्रथम, त्याच दिवशी पोच द्यावी. ऑनलाईन बाजारपेठेच्या संकेतस्थळावरून विकणाऱ्यांना ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० लागू आहेत. त्यांनुसार तक्रारीची पोच ४८ तासांत व निवारण एक महिन्यात झाले पाहिजे. नाशवंत मालात मात्र एक दिवसाचा विलंबही पुरावा नाहीसा करतो.

दुसरे, वस्तुस्थिती विचारावी. पेटीचे बाहेरून, वरील चिठ्ठीचे, आतील सर्व फळांचे व दोष असलेल्या फळांचे अशी स्वतंत्र छायाचित्रे मागवावीत. ‘तुम्ही खोटे बोलता,’ असे कधीही लिहू नये. ‘छायाचित्रे पाठवावीत, म्हणजे लगेच निर्णय घेता येईल,’ असे लिहावे.

तिसरे, आलेली माहिती आपल्या वहीशी ताडून पाहावी व दोष कोठला ते ठरवावे. दोष आपला असेल तर तो मान्य करून भरपाई द्यावी. वाहतुकीतला असेल तर वाहतूकदाराकडे लेखी दावा करावा. पण तो निकाली निघेपर्यंत ग्राहकास ताटकळत ठेवू नये. गैरसमज असेल तर शांतपणे माहिती द्यावी. मागणी लबाडीची दिसत असेल तर आपली छायाचित्रे व नोंदी पाठवून सभ्य शब्दांत नकार कळवावा.

चौथे, भरपाई हिशेबाने ठरवावी. समजा, ४ डझनांच्या पेटीचे रु. ३,२०० घेतले आणि त्यातील ५ फळे साक्याची निघाली. ४८ फळांची किंमत रु. ३,२००, म्हणजे एका फळाची सुमारे रु. ६७. पाच फळांचे रु. ३३५ झाले. हे पैसे त्वरित परत केल्यास तो ग्राहक पुढील हंगामात पुन्हा येण्याचा संभव राहतो. नाकारल्यास वाद रु. ३३५ चा न राहता संपूर्ण पेटीचा होतो आणि त्याची वार्ता त्याच्या ओळखीच्या दहा घरांत पोहोचते. तसेच, सबंध पेटीचे पैसे मागणाऱ्यास भिडेखातर ते देऊन टाकणेही योग्य नव्हे. जेवढा दोष तेवढी भरपाई, हे सूत्र उभयपक्षी न्याय्य आहे. नाशवंत माल परत मागविण्यात अर्थ नसतो. टिकाऊ माल परत घेताना त्याचीही छायाचित्रे घ्यावीत.

पाचवे, तडजोड लेखी करावी : ‘५ फळांबद्दल रु. ३३५ आज परत पाठविले. आपली तक्रार मिटली असल्यास कृपया तसे कळवावे.’ ग्राहकाचे उत्तर जपून ठेवावे.

वापरलेली यंत्रे व ट्रॅक्टर

घरातील एखादे जुने यंत्र एकदाच विकणे आणि नियमित व्यापार करणे यांत कायदा भेद करतो. स्वतःपुरता, क्वचित केलेला व्यवहार ई-कॉमर्स नियमांच्या कक्षेत येत नाही. तरीही १९३० चा वस्तुविक्री अधिनियम व १८७२ चा करार अधिनियम लागू राहतातच. ठाऊक असलेला दोष मुद्दाम झाकणे हा करार अधिनियमाप्रमाणे कपट ठरतो व घेणाऱ्यास करार रद्द करण्याचा हक्क मिळू शकतो. रोटाव्हेटरच्या तडा गेलेल्या भागावर रंग मारून तो विकणे म्हणजे नेमके हेच. उलट, यंत्र किती वर्षे वापरले, कोणता भाग बदलला, काय दुरुस्त करावे लागेल हे लिहून, घेणाऱ्यास यंत्र चालवून पाहण्यास सांगून आणि ‘पाहून, चालवून, आहे त्या स्थितीत घेतले’ अशी त्याची सही घेऊन केलेला व्यवहार सहसा वादात सापडत नाही.

ट्रॅक्टरबाबत विशेष दक्षता हवी. पैसे घेतले आणि चावी दिली, एवढ्याने व्यवहार पूर्ण होत नाही. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५० प्रमाणे राज्यातल्या राज्यात विक्री झाल्यास विकणाऱ्याने ती चौदा दिवसांच्या आत परिवहन कार्यालयास कळविली पाहिजे. त्यासाठी नमुना २९ व ३० आहेत. कर्जाचा बोजा असल्यास तो फेडून नमुना ३५ प्रमाणे नोंद काढून घ्यावी. नोंदणी आपल्याच नावावर राहिली आणि नव्या मालकाच्या हातून अपघात झाला, तर भरपाईची जबाबदारी नोंदणीकृत मालकावर येते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली एका निकालात स्पष्ट केले आहे. विकलेल्या ट्रॅक्टरपायी शेत गमावण्याची पाळी येऊ नये, यासाठी नाव बदलल्याचे प्रमाणपत्र प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय निश्चिंत राहू नये.

ग्राहकाच्या वेषातील ठग

काही वाद हे वाद नसून फसवणूक असते. जाहिरात पाहून कोणी दूरध्वनी करतो, घासाघीस न करता किंमत मान्य करतो आणि पैसे मिळण्यासाठी क्यूआर कोड स्कॅन करावयास सांगतो. एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी : पैसे घेण्यासाठी यूपीआय पिन कधीही टाकावा लागत नाही. पिन टाकला की पैसे आपल्या खात्यातून जातात. दुसरी युक्ती अशी : ‘चुकून जास्त पैसे आले, फरक परत करा’ असा निरोप येतो व सोबत बँकेचा वाटावा असा बनावट संदेश असतो. संदेशावर विसंबू नये. खात्यातील शिल्लक पाहावी. परतफेड करावयाचीच असेल तर ज्या खात्यातून पैसे आले त्याच खात्यावर करावी. फसवणूक झालीच, तर क्षणाचाही विलंब न लावता १९३० या क्रमांकावर कळवावे. तक्रार जितकी लवकर, तितकी रक्कम थोपविली जाण्याची शक्यता अधिक.

आयोगाची नोटीस आल्यास

ग्राहक प्रथम १९१५ या राष्ट्रीय ग्राहक साहाय्यवाणीवर तक्रार नोंदवू शकतो. तेथून विचारणा झाल्यास नोंदींसह उत्तर द्यावे. पुष्कळशी प्रकरणे येथेच मिटू शकतात. पुढे तो जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाऊ शकतो, आणि २०१९ च्या अधिनियमाप्रमाणे तो स्वतः राहतो त्या जिल्ह्यात तक्रार दाखल करू शकतो. म्हणजे देवगडच्या बागायतदारास नागपुरातून नोटीस येऊ शकते. ती बाजूला ठेवून देणे अत्यंत घातक होय. नोटीस मिळाल्यापासून तीस दिवसांत लेखी उत्तर द्यावे लागते. आयोग फार तर आणखी पंधरा दिवस देऊ शकतो. त्यानंतर आपली बाजू खरी असूनही ती मांडण्याची संधी जाते. संदेश व छायाचित्रे मूळ मोबाईलमधून पुसू नयेत. पुरावा म्हणून ती सादर करताना भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडावे लागते.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांसाठी

कार्यकर्त्यांनी अशा वादात न्यायाधीश होऊ नये. नोंदी ठेवण्याची सवय लावणारा मार्गदर्शक व्हावे. हंगामापूर्वी एक बैठक घेऊन वर्णनाचा व बिलाचा नमुना सर्वांकडून लिहवून घ्यावा आणि पेटी बांधताना छायाचित्र कसे घ्यावे याचे प्रात्यक्षिक दाखवावे. शेतकरी गट व उत्पादक कंपन्यांनी तक्रारींसाठी एकच क्रमांक व एकच नोंदवही ठेवावी. हंगामाअखेर ती वही वाचली, तर कोणत्या बागेतील फळात साका अधिक, कोणत्या वाहतुकीत फूट अधिक, हे आपोआप उघड होते. तक्रार अशा रीतीने शेती सुधारण्याचेही साधन ठरते.

सारांश

१. जेवढे खरे तेवढेच लिहावे. दोष व मुदत आधीच सांगावी.
२. बिल द्यावे, बांधणीपूर्वी छायाचित्र घ्यावे व वहीत नोंद करावी.
३. तक्रारीची पोच त्याच दिवशी द्यावी. जेवढा दोष तेवढी भरपाई करावी.
४. ट्रॅक्टर विकल्यास चौदा दिवसांत परिवहन कार्यालयास कळवावे.
५. पैसे घेण्यासाठी पिन टाकू नये.
६. आयोगाच्या नोटिशीस मुदतीत उत्तर द्यावे.

उत्तम पीक काढण्यास जेवढी दक्षता लागते, तिच्या एक दशांश दक्षता विक्रीच्या नोंदीत घेतली, तरी दूरच्या ग्राहकाचा विश्वास संपादन करता येईल. हा विश्वास टिकला, तर पुढील हंगामात त्याच ग्राहकाची मागणी आपणहून येईल.