वर्षसराद झाली, आता चवथ कशी करायची?

प्रश्न : आमचं मूळ घर पेडणे तालुक्यात. चवथीला सगळी भावकी तिथंच जमते. धाकट्या दिराचा नऊ वर्षांचा मुलगा गेल्या वर्षी आषाढात आजारपणात गेला. त्यानंतरच्या चवथीला गणपती आणला, पण फुगड्या नाहीत, फटाके नाहीत. आता वर्षसराद झाली. वडीलधारी मंडळी म्हणतात, वर्ष सरलं, यंदा सगळं नेहमीसारखं होऊ दे. जाऊ म्हणते, माटोळी बांधायला मला बोलवू नका. माटोळीचं सामान आणायला रानात तोच सगळ्यांच्या पुढं पळायचा. वर्षाची ही मुदत ठरवली कोणी? म्हाताऱ्या माणसासाठी आणि मुलासाठी ती एकच कशी? आणि जावेला आम्ही काय सांगावं?

उत्तर : ताई, मुदती दोन आहेत. सुतकाची मुदत शास्त्राची, दुखवट्याचं वर्ष रूढीचं. आणि शास्त्रानं मुलासाठी आणि मोठ्यासाठी एकच मुदत ठेवलेली नाही, मुलासाठी कमी ठेवली आहे. याज्ञवल्क्यस्मृतीप्रमाणे दात येण्याआधी मूल गेलं तर सुतक लगेच फिटतं, जावळ काढण्याआधी गेलं तर एका रात्रीनं, मुंजीआधी गेलं तर तीन रात्रींनी. पुढं दहा दिवस. दोन वर्षांच्या आतलं मूल पुरावं आणि त्याला पाणी देऊ नये, असंही तिथं सांगितलं आहे. ही मोजदाद त्या जीवावर किती संस्कार झाले होते याची आहे. आईला किती लागलं, हे त्यात मोजलेलंच नाही.

त्या काळी लहान मूल जाणं हे जवळजवळ प्रत्येक घरानं पाहिलेलं असे. फार मागं जायलाही नको. १९७१ साली भारतात जन्मलेल्या दर हजार बाळांपैकी १२९ बाळं पहिल्या वाढदिवसाआधी जात. २०२० साली हा आकडा २८ वर आला आणि गोव्यात तर तो दहाच्या आत आहे. फार चांगली गोष्ट झाली. पण तिची दुसरी बाजू तुमच्या जावेच्या वाट्याला आली आहे. तिच्या आजीला वाड्यावर अशी दुसरी बाई सापडली असती, जिच्याशी काही न बोलताही बसता येई. आज शाळेच्या फाटकाशी उभ्या असलेल्या आयांमध्ये ती एकटीच आहे.

आता वर्षाचं. घरात माणूस गेलं की त्या दिवशी चूल पेटत नाही, शेजारून पेज येते. वर्षभर घरात मंगलकार्य होत नाही, गोडधोड होत नाही, पहिल्या सणाला नातेवाईक येऊन बसतात. यातलं बहुतेक सगळं आजूबाजूच्या लोकांनी करायचं किंवा टाळायचं आहे. काय बोलावं, कसं वागावं हे लोकांना सुचत नाही, म्हणून रिवाजानं त्यांना एक वर्षाचं वेळापत्रक लावून दिलं. वर्ष संपलं की त्यातून भावकी मोकळी होते. आई-बाप मोकळे होतात, असं त्यात कुठंच म्हटलेलं नाही.

मनाचे अभ्यासकही या मुदतीच्या नादी लागले होते. गेलेल्या माणसातून मन हळूहळू सोडवून घेणं म्हणजे शोक पूर्ण होणं, अशी मांडणी सिग्मंड फ्रॉइडनं १९१७ साली केली. १९२० मध्ये त्याची मुलगी सोफी साथीच्या तापात गेली. नऊ वर्षांनी, तिच्या जन्मदिवशी, मुलगा गमावलेल्या एका मित्राला लिहिलेल्या पत्रात त्यानं कबूल केलं की तीव्र दुःख ओसरतं, पण त्या माणसाच्या जागी दुसरं कोणी येत नाही. आणि तसंच असायला हवं, कारण ते प्रेम जपण्याचा तोच मार्ग उरतो. पुढं १९९६ साली डेनिस क्लास आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी संपादित केलेल्या ग्रंथानं हेच अभ्यासातून मांडलं. क्लास अनेक वर्षं मुलं गमावलेल्या आई-बापांच्या एका मंडळासोबत होते. हे आई-बाप मुलाशी असलेलं नातं तोडत नव्हते, घराच्या रोजच्या व्यवहारात त्याला नवी जागा शोधत होते, असं त्यांना दिसलं.

तेव्हा चवथीचा प्रश्न असा सोडवा. माटोळी बांधा, घरातली बाकीची मुलं वर्षभर वाट पाहत असतात. पण त्याआधी आठवडाभर तरी जावेला एकटीला गाठून विचारा. आरतीला यायचं की खोलीत बसायचं, माहेरी जायचं की इथंच राहायचं, सुपारीचं एखादं शिपटं त्याच्या नावानं बांधायचं की नको, हे तिला ठरवू द्या. ठरवलेलं ऐन दिवशी बदलायचीही मुभा असू द्या. पुढं पळण्याचं त्याचं काम तिला न विचारता दुसऱ्या मुलाकडे देऊ नका. चवथ सरली की म्हाळ येतात, मग नवरात्र, पेडण्याची पुनव, दिवाळी. भाद्रपदापासूनचे दोन महिने आपल्याकडे एकामागून एक माणसं जमण्याचे आहेत, म्हणून एका चवथीवर सगळं तोलू नका. म्हाळाला मुलाचं पान वाढावं की नाही, यात घराघरांची रीत वेगळी. आईला त्याच्या आवडीचं काही करून वाढावंसं वाटलं, तर त्याला कोणत्याही स्मृतीची परवानगी लागत नाही.

सणांपेक्षा साधे दिवस अवघड जातात, हेही लक्षात ठेवा. ताटं मांडताना एक जास्त घेतलं जातं. जूनमध्ये त्याच्या वर्गातली मुलं पुढच्या इयत्तेची पुस्तकं घेऊन दारावरून जातात. ‘मुलं किती?’ असं लग्नात कोणीतरी सहज विचारतं. ‘दोन. एक आहे, एक गेला’ हे उत्तर खरं आहे आणि ‘एक मुलगी’ हेही खोटं नाही. ज्या दिवशी जे झेपेल ते तिनं सांगावं. ती माहेरी गेली असताना त्याचं दप्तर, सायकल, कपडे आवरून टाकू नका. ‘देवाला आवडतो त्याला तो लवकर नेतो’, ‘धाकटीकडे बघून धीर धर’ ही वाक्यं भावकीनं यंदा घरीच ठेवावीत. त्याऐवजी त्याचं नाव घ्या. ‘एका चवथीला त्यानं चिबूड केवढा मोठा आणला होता’ एवढं म्हटलं तरी चालेल. ती रडेल कदाचित. पण तुम्ही आठवण काढल्यामुळे तिला आठवलं असं होत नाही, ती विसरलेलीच नसते.

प्रश्न : दीर मोपाला विमानतळावर कामाला आहे. बारावा झाल्याबरोबर तो कामावर हजर झाला. घरी बोलत नाही, सुट्टीच्या दिवशीही जास्तीचं काम घेतो. जाऊ म्हणते, याला काही वाटतच नाही. खरंच असं असेल का?

उत्तर : तसं वाटत नाही. नेदरलँड्समधल्या मार्गारेट श्ट्रोबे आणि हेंक शुट या अभ्यासकांनी १९९९ साली एक साधी गोष्ट मांडली. शोक करणारं माणूस दोन टोकांमध्ये हेलकावत असतं. कधी ते गेलेल्याकडे वळतं, कधी पगार, कर्जाचा हप्ता, घरातली डागडुजी अशा राहिलेल्या आयुष्याकडे. दोन्ही लागतं. बऱ्याच घरांत आई पहिल्या टोकाशी जास्त राहते, बाप दुसऱ्या, आणि मग तिला तो कोरडा वाटतो, त्याला ती अडकलेली वाटते.

लोकमान्य टिळकांचा थोरला मुलगा विश्वनाथ १९०३ साली प्लेगनं गेला, तेव्हाही त्यांनी ‘केसरी’चं काम थांबवलं नाही, अशी आठवण सांगतात. ती आपल्याकडे बापाच्या कणखरपणाचा नमुना म्हणून सांगितली जाते. तिच्या शेजारी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं एक पत्र ठेवायला हवं. बाबासाहेब आणि रमाबाई यांनी चार मुलं गमावली : गंगाधर, रमेश, इंदू आणि राजरत्न. राजरत्न १९२६ च्या जुलैत गेला. पुढच्याच महिन्यात बाबासाहेबांनी दत्तोबा पवारांना लिहिलेल्या पत्रात आपण पुरते कोसळलो आहोत हे लपवलेलं नाही. आणि मार्च १९२७ मध्ये तेच महाडच्या चवदार तळ्यावर उभे होते. काम आणि कोसळणं एकाच माणसात, एकाच वर्षात होतं. फरक एवढाच की त्यांनी एका मित्राला ते सांगितलं.

तुमच्या दिराला असं सांगायला कोणी आहे का, ते पाहा. भेटायला येणारे पुरुष त्याला ‘घरची कशी आहे?’ असं विचारतात. ‘तू कसा आहेस?’ असं फारसं कोणी विचारत नाही. समोरासमोर बसवून बोलतं करू नका, ते जमणार नाही. म्हापशाला सामान आणायला जाताना, कौलं शाकारताना शेजारी राहा. जावेला एवढंच सांगा की तो तिच्यासारखा रडत नाही म्हणून कमी रडतो असं नव्हे.

मूल गेल्यावर बहुतेक जोडपी वेगळी होतात, असं सिनेमा-मालिका पाहून वाटतं. मुलं गमावलेल्या पालकांसाठी १९६९ साली इंग्लंडमध्ये सुरू झालेल्या ‘कम्पॅशनेट फ्रेंड्स’ या संघटनेच्या अमेरिकेतल्या शाखेनं केलेल्या पाहणीत तसं दिसलं नाही. बहुतेक संसार टिकले होते.

प्रश्न : त्याची धाकटी बहीण सहा वर्षांची. दादा कुठं गेला, असं विचारते. कोणी ‘देवाघरी’ म्हणतं, कोणी ‘झोपला’ म्हणतं. हल्ली ती रात्री झोपायला घाबरते.

उत्तर : घाबरणारच. झोपलेला माणूस उठत नाही, असा अर्थ तिनं लावला असेल. या वयात मरण कायमचं असतं हे नुकतं कळू लागलेलं असतं, त्यामुळे उत्तर छोटं आणि खरं द्या. दादा फार आजारी होता, डॉक्टरांनी खूप केलं, त्याचं शरीर बंद पडलं, तो परत येणार नाही. तुझ्यामुळे झालं नाही, हे वाक्य आवर्जून जोडा. भावाशी भांडलो म्हणून तो गेला, असं या वयाची मुलं मनात धरून बसतात. तोच प्रश्न ती दहादा विचारेल, दहादा तेच उत्तर द्या. तिच्या बाईंना शाळेत जाऊन सांगून ठेवा. आणि भावाचं राहिलेलं सगळं तिनं भरून काढावं, ही अपेक्षा तिच्या कानावर पडू देऊ नका.

प्रश्न : डॉक्टरकडे न्यायची वेळ कधी?

उत्तर : वर्ष लोटल्यावरही रोज दिवसभर तीच तळमळ असेल, अंघोळ-जेवण-घरकाम होत नसेल, कोणाला भेटणं पूर्ण बंद झालं असेल, तर न्या. अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या २०२२ सालच्या सूचीत प्रदीर्घ शोकाचं निदान मोठ्या माणसांत बारा महिन्यांनंतरच करावं, असं म्हटलं आहे. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा सहा महिन्यांची आहे. मात्र ‘त्याच्याकडे जावंसं वाटतं’ असं तिच्या किंवा दिराच्या तोंडी आलं, दारू वाढली, तर महिने मोजू नका, त्याच दिवशी हाला.

बांबोळीला मनोविकार व मानवी वर्तन संस्था हे सरकारी रुग्णालय आहे. ‘टेलिमानस’च्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र फुकट बोलता येतं. नैराश्यावरचं समुपदेशन फक्त तज्ज्ञ डॉक्टरच देऊ शकतो असंही नाही. १९९६ पासून गोव्यात काम करणाऱ्या ‘संगाथ’ या संस्थेनं प्रशिक्षण दिलेल्या साध्या माणसांनी प्राथमिक आरोग्य केंद्रांत हे काम केलं आणि रुग्णांना त्याचा उपयोग झाला, असं २०१७ साली ‘लॅन्सेट’मध्ये आलं आहे. शरीराकडेही लक्ष द्या. मूल गमावलेल्या आयांचं स्वतःचं मृत्यूचं प्रमाण इतर आयांपेक्षा जास्त असतं, असं डेन्मार्कमधल्या नोंदींवरून २००३ साली दिसून आलं. म्हणून वर्षसराद झाली तरी भावकीचं एक काम उरतं : तिला महिन्यातून एकदा आरोग्य केंद्रात नेऊन रक्तदाब, रक्त तपासून घेणं. त्यासाठी गाडी कोण काढणार, हे चवथीला सगळे जमाल तेव्हाच ठरवून टाका.