अडकलेल्या लेव्हलचे धडे

नव्वदच्या दशकात आमच्या गावातल्या कॉम्प्युटर क्लासला 'वर्डस्टार' आणि 'लोटस' शिकायला येणाऱ्या बहुतेकांचा डोळा शेवटच्या पंधरा मिनिटांवर असायचा. सर चहाला गेले, की कुणीतरी 'प्रिन्स' टाइप करायचं आणि आम्ही सगळे एका मॉनिटरभोवती गोळा व्हायचो. त्याच सुमारास घरी टीव्हीला जोडायचा गेम आला आणि दादाबरोबर 'काँट्रा' सुरू झाला. आता चाळिशी ओलांडली, नोकरी आहे, संसार आहे. तरी रात्रीची आवराआवर झाली की तासभर कंट्रोलर हातात घेतेच. सोप्या गेममध्ये माझा जीव रमत नाही. नाकी नऊ आणणारे काही गेम मात्र मी शेवटपर्यंत नेले, आणि त्यांचा आनंद बढतीच्या पेढ्यांपेक्षा जास्त टिकला. तो का टिकला, याचा विचार करताना हाती लागलेले हे काही बोल.

१. गेम अवघड आहे की अन्यायी, ते आधी ओळखा

मेल्यावर स्वतःला दोन प्रश्न विचारायचे. का मेलो, ते सांगता येतं का? पुढच्या वेळी काय वेगळं करायचं, ते ठरवता येतं का? दोन्हींचं उत्तर 'हो' असेल तर त्या गेमशी झुंजण्यात अर्थ आहे. जॉर्डन मेकनरने १९८९ मध्ये ॲपल टू कॉम्प्युटरसाठी केलेला 'प्रिन्स ऑफ पर्शिया' या कसोटीला पुरेपूर उतरतो. तळघरातली सैल फरशी जवळ उडी मारली की थरथरते, म्हणजे आगाऊ सूचना देते. जमिनीतले सुळे धावत येणाऱ्याला भोसकतात, पण शिफ्ट दाबून सावकाश पाऊल टाकणाऱ्याला सोडून देतात. उघडमीट करणाऱ्या पात्यांचा ताल ठरलेला असतो. मेकनरने आपल्या भावाला धावताना, उड्या मारताना चित्रित करून त्यावरून राजपुत्राची हालचाल बेतली होती. म्हणून त्याच्या धावण्याला वजन आहे. बटण सोडलं तरी तो जागच्या जागी थांबत नाही. सगळी मेख तिथेच आहे. उडी कधी मारायची याचा विचार कडेशी पोचण्याआधीच व्हावा लागतो.

उलट कॅपकॉमचा १९८५ चा 'घोस्ट्स अँड गॉब्लिन्स' घ्या. जिवाचं रान करून शेवट गाठला, की तो म्हणतो हे सगळं मायाजाल होतं, पुन्हा पहिल्यापासून या. दुसऱ्या फेरीनंतरच खरा शेवट दिसतो. ज्यांनी तो पाहिला त्यांना माझा दंडवत. मी मात्र अशा गेमला लांबूनच नमस्कार करते.

२. पहिले डाव वाट शोधायला, नंतरचे जिंकायला

'प्रिन्स'मध्ये राजकन्येला वाचवायला साठ मिनिटं मिळतात. मेलं की लेव्हल पहिल्यापासून खेळायची, पण गेलेली मिनिटं परत मिळत नाहीत. स्पेसबार दाबला की किती वेळ उरला ते दिसतं आणि पोटात गोळा येतो. यावर आमच्या क्लासमध्ये निघालेला तोडगा आजही मला कामाला येतो. सुरुवातीच्या डावांत घड्याळाकडे बघायचंच नाही. प्रत्येक दार उघडून पाहायचं, प्रत्येक बाटली पिऊन पाहायची, कुठली विषारी आहे ते वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवायचं. वाट पाठ झाली की साठ मिनिटं पुरून उरतात. जाणकार माणूस निम्म्याहून कमी वेळात महालात पोचतो. शिकणं आणि जिंकणं एकाच डावात उरकायला गेलं, की दोन्ही हातचं जातं.

३. तलवार म्यान करणंही खेळीच असते

'प्रिन्स'मधला एक प्रसंग मला आजवरच्या सगळ्या गेममधला सर्वांत देखणा वाटतो. चौथ्या लेव्हलच्या शेवटी वाटेत आरसा उभा असतो. धावत उडी मारून त्यातून पार व्हायचं. त्याच क्षणी आरशातली आपली सावली पलीकडून निसटते आणि आपली ताकद संपत येते. पुढे ही सावली छळ मांडते. पाचव्या लेव्हलला आपल्या वाटची बाटली ती पिऊन टाकते, सहाव्याला ऐन वेळी दार लावून आपल्याला खाली पाडते. बाराव्या लेव्हलला ती तलवार उपसून समोर उभी राहते.

आता तोवरच्या लेव्हलांनी एकच शिकवलेलं असतं, समोर तलवार दिसली की वार करायचा. पण इथे सावलीला मारलेला प्रत्येक घाव आपल्यालाच लागतो. तिला संपवलं की आपणही संपलो. आमच्या क्लासमधली भलीभली पोरं इथे आठवडेच्या आठवडे अडकली. उत्तर होतं खाली जाणारं बटण. आपण तलवार म्यान करायची, मग सावलीही करते; दोघांनी एकमेकांकडे चालत जायचं आणि एक व्हायचं. एवढ्यावर भागत नाही. त्यानंतर जिथे जमीनच नाही अशा पोकळीकडे बेधडक धावायचं. पाय टाकला की तिथे फरशी उमटते.

बोटांच्या चपळाईने जिंकलेल्या लढाया विसरायला होतात. ही विसरत नाही, कारण इथे अंगवळणी पडलेली गोष्ट सोडून द्यावी लागते. ऑफिसच्या मीटिंगांतही मला हे बटण अनेकदा आठवतं. सापडतंच असं नाही.

४. चीट कोडला नावं ठेवू नका, पण काय घेतलं ते लक्षात ठेवा

वर, वर, खाली, खाली, डावीकडे, उजवीकडे, डावीकडे, उजवीकडे, बी, ए. 'काँट्रा' सुरू होताना हे दाबलं की तीन लाइफच्या तीस व्हायच्या. हा कोड मुळात 'ग्रेडियस'साठी जन्मला. १९८६ मध्ये तो गेम घरगुती यंत्रावर आणताना कोनामी कंपनीच्या काझुहिसा हाशिमोतो यांना तपासणीसाठी तो पुन्हापुन्हा खेळावा लागे आणि त्यांनाच तो झेपेना. म्हणून त्यांनी स्वतःच्या सोयीसाठी हा चोरदरवाजा ठेवला. जिथे बनवणाऱ्याचीच ही गत, तिथे आठवी-नववीतल्या पोरांनी तीस लाइफ घेतल्या तर लाज कसली?

'प्रिन्स'लाही असा कोड होता. 'प्रिन्स मेगाहिट' टाइप करायचं आणि एकेक लेव्हल ओलांडत थेट राजकन्येपाशी जायचं. आम्ही सगळ्यांनी तो शेवट असा आधीच पाहून ठेवला होता. पाहिला आणि 'एवढंच?' म्हणून क्लासबाहेर पडलो. पुढे खेळून तिथे पोचले तेव्हाही पडद्यावर तेच दोघं, तीच मिठी. तरी त्या वेळी उठवेना. शेवटचं चित्र सगळ्यांना सारखंच मिळतं. त्याची किंमत वाटेतल्या लेव्हल ठरवतात.

५. जोडीने खेळताना वर चढायची घाई नको

'काँट्रा'मध्ये धबधब्याची लेव्हल आहे. दोघं खेळत असताना एकजण भराभर वर चढला की स्क्रीन वर सरकते आणि मागे राहिलेला खाली पडून मरतो. दादाचा आणि माझा निम्मा भांडणखर्च या एका लेव्हलवर झाला. "थांब ना रे!" हा तिथला सर्वांत उपयोगी मंत्र. याहून जास्त सांगण्यासारखं काही नाही. लग्न झालेल्यांना कळेल.

६. वार येतो तिकडेच पाऊल टाका

'सेकिरो' हा फ्रॉमसॉफ्टवेअर या जपानी कंपनीचा २०१९ चा गेम. त्यात सोपं, मध्यम, कठीण असा पर्यायच नाही; सगळ्यांना एकच ताट. इथल्या तलवारबाजीत नुसतं वार चुकवून भागत नाही, ऐन क्षणी तलवारीवर तलवार घ्यावी लागते. ठण्ण असा आवाज येतो, ठिणग्या उडतात आणि समोरच्याचा तोल थोडा ढळतो. नीट जमलं की लढाई जुगलबंदीसारखी वाटायला लागते: तो बोल टाकतो, आपण जागेवर उत्तर देतो.

मधूनच शत्रूच्या वाराच्या वेळी एक लाल जपानी अक्षर चमकतं. म्हणजे आता येणारा वार अडवता येणार नाही. शेवटचा बॉस इशिन भाला घेऊन असा भोसकायला आला की मी मागे पळायचे. दादाचा मुलगा दिवाळीला आला होता. शेजारी बसून बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "आत्या, तू मागे का पळतेस? त्याचा भाला तुझ्या पळण्यापेक्षा लांब आहे. पुढे जा की!" आणि तेच खरं होतं. भोसकणारा वार येत असतानाच पुढे झेप घेतली, की आपला योद्धा भाल्यावर पाय देऊन तो जमिनीत दाबून धरतो आणि इशिनचा तोल धाडकन ढळतो. डोक्याला हे पटायला एक मिनिट पुरतं. अंगठ्याला पटायला फार दिवस लागतात, कारण जीव वाचवायला मागे सरणं हा त्याचा जन्माचा धर्म.

७. जुना शत्रू भेटला की स्वतःला मोजा

'सेकिरो'च्या सुरुवातीलाच गेनिचिरो नावाचा एक सरदार तुमचा हात तोडतो. तुम्ही कितीही छान खेळा, कथा तशीच लिहिली आहे. पुढे गडाच्या माथ्यावर तो पुन्हा भेटतो आणि रडकुंडीला आणतो. शेवटच्या लढाईत इशिनच्या आधी पुन्हा हाच उभा असतो; इशिनशी हरलात, की दर वेळी आधी गेनिचिरोला हरवायचं आणि मगच पुढे. सुरुवातीला याचा संताप येतो. मग एके रात्री लक्षात येतं, की आपण याला उद्याच्या डब्याचा विचार करत करत हरवलं. या गेममध्ये पात्राची ताकद बेताचीच वाढते. बाकीचं सगळं खेळणाऱ्यात वाढलेलं असतं. शेवटच्या विजयाइतकाच मला त्या रात्रीचा अभिमान आहे, कारण ही वाढ माझी मलाच कळली. पडद्यावर 'शाब्बास' असं काही आलं नव्हतं.

८. पुष्कळदा उत्तर झोपेत सापडतं

बोटांनी शिकलेली गोष्ट झोपेत पक्की होते, हे मानसशास्त्रातल्या प्रयोगांत दिसून आलं आहे. 'आता शेवटचाच डाव' असं तिसऱ्यांदा म्हणालात, की गेम बंद करा. रात्री एक वाजता अशक्य वाटलेला बॉस रविवारी सकाळी पोहे खाऊन बसल्यावर निमूट मरतो. शिवाय दुसऱ्या दिवशी ऑफिसात डोळे लाल दिसत नाहीत.

९. चांगला कठीण गेम आतून मायाळू असतो

'सेलेस्ट' हा २०१८ चा गेम, मॅडलिन नावाची मुलगी एक डोंगर चढते एवढीच गोष्ट. इथे माणूस सतत मरतो, पण क्षणात त्याच खोलीच्या दाराशी परत उभा राहतो. ओरडा नाही, दंड नाही. कड्यावरून पाय सुटल्यावरही क्षणभर उडी घेता येते, अशी सवलत बनवणाऱ्यांनी गुपचूप ठेवली आहे. आणि उघड सवलतही आहे: वेग कमी करा, दम न संपण्याची सोय घ्या, हवं तर मरणच बंद करा. माझा उजवा अंगठा मध्यंतरी फार दुखायला लागला तेव्हा मी वेग थोडा उतरवून काही खोल्या पार केल्या. त्या खोल्या माझ्याच. अभिमान दुसऱ्याच्या मापाने मोजायचा नसतो; काय घेतलं आणि काय दिलं हे स्वतःला ठाऊक असलं की पुरे.

१०. अभिमान वाटू द्या, खुलाशात पडू नका

डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेतल्या ओक्लाहोमाच्या विलिस गिब्सन या १३ वर्षांच्या मुलाने जुन्या निन्टेन्डोवरचा 'टेट्रिस' इतका पुढे नेला, की १५७ व्या लेव्हलला गेमच गोठला. या गेमला शेवट लिहिलेलाच नाही. २९ व्या लेव्हलला तुकडे इतक्या वेगाने पडतात, की वर्षानुवर्षं लोक तिलाच शेवट समजत होते. तो मुलगा गोठलेल्या पडद्यासमोर थरथरत होता. त्याचे वडील त्याच महिन्यात वारले होते; हा डाव त्याने त्यांना अर्पण केला. आणि एका ब्रिटिश वृत्तवाहिनीच्या निवेदिकेने त्याला सल्ला दिला, की बाहेर जा, मोकळी हवा खा, टेट्रिस जिंकणं हे काही आयुष्याचं ध्येय नव्हे.

हा सूर आपल्याकडेही घरोघरी ऐकू येतो. "यातून मिळालं काय?" माझं उत्तर ठरलेलं आहे: पैसे नाहीत, पदक नाही, गुडघेदुखीही गेली नाही. पण परीक्षेतल्या मार्कांत तपासणाऱ्याची लहर असते, बढतीत साहेबांची मर्जी असते, घराच्या सजावटीला चांगलं म्हणणाऱ्यांत निम्मा शिष्टाचार असतो. कुठल्याही यशात आपला वाटा नेमका किती, हे आयुष्यभर कळत नाही. इशिन माझं वय बघत नाही, आडनाव विचारत नाही, दमून आले म्हणून एक वारही हलका करत नाही. म्हणून तो पडला की त्यात कुणाची मेहेरबानी नसते. इतका चोख हिशेब मला दुसरीकडे कुठे मिळालेला नाही. तेव्हा तुमचा एखादा गेम शेवटच्या बॉसपाशी अडकून पडला असेल, तर या रविवारी काढाच. पोहे खाऊन बसा.