फौजदार झालेल्या पुतणीला

पोरी, खांद्यावर दोन तारे लागले. कलमं तुला माझ्यापेक्षा ताजी आठवत असतील, त्यामुळे ती मी शिकवत नाही. जात, धर्म किंवा भाषेच्या रागातून झालेला गुन्हा ठाण्यात येतो तेव्हा काय करायचं, तेवढंच सांगतो. अशा गुन्ह्यात पहिली रात्र वाया गेली की पुढे कितीही पळापळ केली तरी ती भरून निघत नाही.

ठाणे अंमलदाराच्या टेबलापाशी आलेला माणूस आधी 'मारामारी झाली' एवढंच बोलतो. हवालदार हाताच्या सवयीनं 'किरकोळ कारणावरून शिवीगाळ व मारहाण' असं लिहून मोकळा होतो. तू तिथेच थांबव. मारताना समोरचा काय बोलला, हे विचार आणि तो शब्द जसाच्या तसा लिही. 'जातिवाचक शिवीगाळ केली' एवढ्यावर भागत नाही. कोर्टात नेमका शब्द लागतो. शब्द उच्चारायची फिर्यादीला लाज वाटते, कधी भीती वाटते. त्याला पाणी दे, खोलीतली गर्दी बाहेर काढ, घाई करू नकोस. मग विचार, हे घडलं तेव्हा ओट्यावर कोण बसलं होतं, पानटपरी उघडी होती का, कोणाच्या कानावर पडलं? चार भिंतींच्या आत, कोणी साक्षीदार नसताना झालेला अपमान अ‍ॅट्रॉसिटी कायद्याच्या जातिवाचक अपमानाच्या कलमात बसत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं 2020 मध्ये सांगितलंय. म्हणून जागेचा पंचनामा करताना कुठून काय दिसतं आणि कुठपर्यंत ऐकू जातं, हे आलंच पाहिजे.

दोघांची ओळख किती जुनी, हेही जबाबात घे. एकाच गल्लीत वाढले का, शेताचा बांध एक आहे का, मुलं एका शाळेत जातात का? अ‍ॅट्रॉसिटी कायद्यात जानेवारी 2016 मध्ये लागू झालेल्या दुरुस्तीनंतर गंभीर गुन्ह्यात आरोपीला समोरच्याची जात ठाऊक होती, एवढं दाखवलं तरी चालतं. पूर्वी जातीच्याच कारणावरून गुन्हा केला, हे सिद्ध करावं लागे आणि तिथेच केस पडायची. शेजारपणाच्या या साध्या चौकशीला आता फार वजन आलंय, पण ती करतो कोण?

खैरलांजीचा निकाल काढून वाच. 29 सप्टेंबर 2006 ला भोतमांगे कुटुंबातल्या चौघांना गावातल्या जमावानं मारलं. भंडाऱ्याच्या न्यायालयानं 2008 मध्ये खुनाबद्दल शिक्षा दिली, पण अ‍ॅट्रॉसिटी कायद्याखालचे आरोप टिकले नाहीत, आणि 2010 मध्ये उच्च न्यायालयातही नाहीत. सबंध महाराष्ट्राला जे दिसत होतं ते कागदावर सिद्ध झालं नाही. मला आजही याचा त्रास होतो. न्यायालय समोर आलेल्या पुराव्यावर बोलतं आणि तो पुरावा गोळा करायला सुरुवात आपण करतो.

लिहून झालं की फिर्याद फिर्यादीला वाचून दाखव, मगच सही घे. हा शिष्टाचार नाही, अ‍ॅट्रॉसिटी कायद्याच्या कलम 4 नं तुझ्यावर टाकलेलं कर्तव्य आहे, आणि ते जाणूनबुजून टाळणाऱ्या अधिकाऱ्याला शिक्षा आहे. 'आधी चौकशी करू, मग गुन्हा दाखल करू' असं कोणी सुचवलं तर कलम 18अ दाखव. तपास डीवायएसपी करतील, पण ते येईपर्यंत जागा राखणं, जखमीला दवाखान्यात पाठवणं आणि फिरत असलेला व्हिडिओ मूळ मोबाइलसकट ताब्यात घेणं तुझ्याकडेच आहे. फॉरवर्ड होऊन आलेल्या प्रतीवर विसंबू नकोस.

आता गुन्हा घडण्याआधीचं. भिवंडीनं 1970 आणि 1984 अशा दोन भीषण दंगली पाहिल्या. 1988 मध्ये तिथे उपायुक्त म्हणून आलेल्या सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या. त्यात पुढाऱ्यांपेक्षा गल्लीतली साधी माणसं बसवली, दोन्ही धर्मांची, आणि बीटवरच्या पोलिसाला त्यांच्याशी बांधून घेतलं. नळाचं पाणी, भाडेकरूचं भांडण, दारूचा गुत्ता असे विषय तिथे निघत. डिसेंबर 1992 आणि जानेवारी 1993 मध्ये मुंबई पेटली तेव्हा भिवंडी शांत राहिली. मला यातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते असं, की हवालदाराला लोकांची नावं माहीत होती आणि लोकांना हवालदाराचं.

तुझ्या ठाण्याच्या शांतता समितीत वर्षानुवर्षं तेच चेहरे असतील. त्यांना मान दे, पण तेवढ्यावर राहू नकोस. रिक्षा स्टँडवर जा, बचत गटाच्या बायकांकडे बस, मंडप घालणारा, डीजे लावणारा, मशिदीची देखभाल करणारा, बुद्धविहारात शिकवणी घेणारी मुलगी, यांचे नंबर स्वतःच्या फोनमध्ये ठेव. अफवा त्यांच्याकडे तुझ्या आधी पोहोचते. 2023 मध्ये अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद 28 सप्टेंबरला एकाच दिवशी आल्या, तेव्हा महाराष्ट्रात ठिकठिकाणी मुस्लिम मंडळींनी जुलूस दुसऱ्या दिवशी काढला. असं मन ऐन बंदोबस्ताच्या बैठकीत तयार होत नाही, त्यासाठी आधीचे महिने जावे लागतात.

आपल्या माणसांकडेही लक्ष ठेव. भिवंडीच्या 1970 च्या दंगलीची चौकशी करणाऱ्या न्यायमूर्ती मादन आयोगानं तपास पथकाच्या पक्षपातावर कडक ताशेरे ओढले होते. मुंबईच्या दंगलीबद्दल श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालातही पोलिसांच्या पूर्वग्रहाची नोंद आहे. हे अहवाल विरोधकांचं साहित्य समजून बाजूला सारू नकोस, आपल्या धंद्याचे धडे म्हणून वाच. रात्रपाळीत एखाद्या समाजावर विनोद झाला तर हसू नकोस, तिथल्या तिथे बंद कर. त्याच तोंडानं उद्या तो त्या समाजातल्या बाईचा जबाब घेणार असतो.

आणि गुन्हा दाखल झाला म्हणून पीडिताच्या घराचा रस्ता सोडू नकोस. अ‍ॅट्रॉसिटीच्या गुन्ह्यात दोषारोपपत्र 60 दिवसांत जायचं आहे, त्याची तारीख त्यांना माहीत असू दे. त्याच कायद्याच्या कलम 15अ नुसार कोर्टातल्या प्रत्येक सुनावणीची, जामिनाचीसुद्धा, वेळेत माहिती मिळणं हा पीडिताचा हक्क आहे. आदल्या दिवशी स्वतः फोन कर. आरोपी सुटून गल्लीत आलाय हे पीडिताला त्याला समोर बघून कळता कामा नये.